पाळणाघरवाल्या भगिनींनी एजन्सीत जावे काय?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ मागे पडले की किकवी लागते. भोर तालुक्यातील हे गाव महामार्गावरचे. पुढे नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळ. शिरवळ-खंडाळा पट्ट्यात कारखाने आले, तसे या रस्त्यावरच्या गावांतील घरांचे वेळापत्रक बदलले. नवरा पाळीवर, बायकोही पाळीवर, आणि घरात दीड वर्षाचे मूल. सासू असली तर प्रश्न नाही. नसली तर मूल शेजारच्या खालाकडे किंवा मावशीकडे जाते. आरंभी हा शेजारधर्म असतो. मग महिन्याचे पैसे ठरतात, दोन मुलांची पाच होतात, आणि एके दिवशी त्या खालाच्या ध्यानात येते की आपण पाळणाघर चालवतो आहोत.

धंदा म्हटला की कागद आला, आणि आमच्या भगिनींना खरी धास्ती कागदाचीच. मूल रडले तर कसे गप्प करावे हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पण ‘नोंदणी केली का’ असे कोणी विचारले की तोंडचे पाणी पळते. अशा वेळी एजन्सी पुढे येते. पुण्या-मुंबईत मुले सांभाळणाऱ्या बायका पुरवणाऱ्या एजन्सी आहेत, कारखान्यांना आणि कचेऱ्यांना पाळणाघरे चालवून देण्याचा ठेका घेणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांचे म्हणणे सरळ असते: तुम्ही मुले सांभाळा, आम्ही कागद सांभाळतो, महिन्याच्या पैशातला काही हिस्सा आमचा. किकवीसारख्या ठिकाणी घरात पाळणाघर चालवणाऱ्या बाईने ही गोष्ट मानावी काय?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. केवळ कागद वाचावा म्हणून एजन्सीत जाणे हा तोट्याचा सौदा आहे. एजन्सी नवी मुले आणि कंपनीचे काम आणून देणार असेल तर जावे, पण करारनामा वाचून. आणि आठ-दहा जणी एकत्र येऊ शकत असतील तर एजन्सी आपलीच काढावी.

हाच प्रश्न सरकारी पातळीवर रीतसर उभा राहिला तो इंग्लंडमध्ये. तिथे घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला चाइल्डमाइंडर म्हणतात. ऑफस्टेड नावाच्या सरकारी तपासणी खात्याकडे तिला नाव नोंदवावे लागते, आणि खात्याचा माणूस घरी येऊन तपासणी करून शेरा देतो. वीस वर्षांत या बायकांची संख्या जवळपास निम्म्यावर आल्याची तक्रार तिथल्या सरकारनेच २०१३ साली केली. एलिझाबेथ ट्रस, ज्या २०२२ मध्ये थोड्या दिवसांच्या पंतप्रधान झाल्या, त्या तेव्हा या खात्याच्या मंत्री होत्या. त्यांनी तोड सुचवली एजन्सीची. २०१४ च्या कायद्याने ती आली. बाईने ऑफस्टेडऐवजी एजन्सीकडे नाव नोंदवावे, एजन्सीने तिला शिकवावे, पालक मिळवून द्यावेत, कागदाला मदत करावी, आणि ऑफस्टेडने प्रत्येक बाईची नव्हे तर एजन्सीची तपासणी करावी, अशी ती रचना.

झाले काय? बायकांची संख्या त्यानंतरही घटतच राहिली. दहा वर्षे लोटल्यावरही बहुसंख्य बायका थेट ऑफस्टेडकडेच होत्या. कारणे समजण्यासारखी आहेत. ऑफस्टेडची वर्षाची फी ३५ पौंड. एजन्सीची फी तिच्या मर्जीची, आणि बहुधा त्याहून पुष्कळ जास्त. शिवाय जिची स्वतंत्र तपासणी होत नाही तिला स्वतःचा असा शेराही मिळत नाही. वीस वर्षे इमानाने काम केलेल्या बाईला हा शेरा म्हणजे दुकानावरची पाटी असते, ती कोण उतरवील? २०२३ मध्ये सरकारने नव्याने काम सुरू करणाऱ्या बायकांना अनुदान जाहीर केले: थेट ऑफस्टेडकडे जाणारीला ६०० पौंड आणि एजन्सीकडे जाणारीला १,२०० पौंड. दुप्पट पैसे देऊन ज्या वाटेकडे वळवावे लागते ती वाट आपोआप चालू लागलेली नाही, एवढे त्यातून उघड होते.

एक गोष्ट मात्र नोंद घेण्याजोगी. तिथला कागद थोडाफार हलका झाला तो सरकारने नियमच सुटसुटीत केले तेव्हा. जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडरांसाठी नियमांची वेगळी पुस्तिका लागू झाली. फ्रान्सने तर निराळीच वाट धरली. तिथे आई-बाप हेच मालक मानले जातात, आणि पगारपत्रक व वर्गणीचा हिशेब २००४ पासून पाजांप्लोआ हे सरकारी कार्यालय करून देते. मधला दलालच नाही.

आता आपल्या किकवीकडे येऊ. इथे ऑफस्टेडसारखे दार ठोठावणारे खाते नाही. मग कागद आहे तरी कोणता? नीट पाहिले तर त्याचे दोन ढीग होतात, आणि सगळा घोळ हे दोन ढीग एकत्र समजण्यात आहे.

पहिला ढीग एकदाच करायच्या कागदांचा. दुकाने व आस्थापनांचा राज्याचा कायदा २०१७ साली बदलला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना आता परवान्याच्या नूतनीकरणाची दरसालची धावपळ नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. जुने लोक अजून याला गुमास्ता म्हणतात. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे. तिला फी नाही, आधार व पॅन क्रमांक आणि स्वतःचे निवेदन पुरते. यासाठी कोणी पाचशे-हजार रुपये मागत असेल तर तो फुकटची वस्तू विकतो आहे. सेवेच्या धंद्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि पाच मुलांच्या पाळणाघराचा त्या आकड्याशी दूरान्वयानेही संबंध नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्यावा, घरातल्या इतर प्रौढ माणसांचाही घ्यावा. कायदा मागो न मागो, आई-बाप मागतील. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेल्या मारहाणीचे कॅमेऱ्यातले चित्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तेव्हापासून आई-बाप विचारू लागले आहेत, आणि विचारलेच पाहिजे. जेवण शिजवून देत असाल तर अन्न परवान्याची साधी नोंदणीही करून घ्यावी. हे सारे मिळून दोन-तीन दिवसांचे काम. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रात किंवा शिकलेल्या भाच्याकडून होते. एकदा ठरावीक पैसे दिले, विषय संपला.

दुसरा ढीग रोजचा. मूल किती वाजता आले, किती वाजता गेले, काय जेवले, ताप होता का, औषध दिले तर कोणाच्या सांगण्यावरून, पडले-लागले तर कसे. लसीकरणाच्या कार्डाची नक्कल. आई-बापांचे आणि आणखी एका जवळच्या माणसाचे फोन. आणि सर्वांत महत्त्वाचे, मूल न्यायला कोण येणार. सकाळी घाईत आई सांगून जाते, ‘खाला, आज मी नाही, त्याचे मामू येतील न्यायला.’ हे वाक्य वहीत लिहून घेतले नाही, आणि संध्याकाळी दारात उभा राहिलेला माणूस मामू आहे की आणखी कोणी हे ठाऊक नसले, तर पुढे काय होऊ शकते ते सांगायला नको. शक्य तर आईने निघण्यापूर्वी वहीत सहीच करावी.

हा दुसरा ढीग जगातली कोणतीही एजन्सी उचलू शकत नाही. मूल खालाच्या घरी आहे, मग नोंद तीच करणार. एजन्सी फार तर छापील वही देईल, आणि बहुधा वर आणखी एक तक्ता देईल, जो दर शनिवारी भरून पाठवायचा. म्हणजे कागद वाढला की कमी झाला?

हिशेब मांडून पाहू. आकडे आम्ही समजुतीपुरते घेतले आहेत, प्रत्येकीने आपले घालावेत. पाच मुले, प्रत्येकी १,५०० रुपये, महिन्याला ७,५०० रुपये. रोजच्या वहीला दहा मिनिटे धरली तर २६ दिवसांत सव्वाचार तासांच्या आसपास जातात. पावत्या आणि जमाखर्च यांना दीड तास. एजन्सी १५ टक्के घेत असेल तर महिन्याला १,१२५ आणि वर्षाला १३,५०० रुपये गेले. त्या बदल्यात वाचला तो महिन्याचा दीड तास, कारण सव्वाचार तासांची वही खालाच्याच हातात राहिली. दीड तासाला सव्वाअकराशे रुपये! एवढा मेहनताना खालाला स्वतःला दीड तासाचा कधी मिळाला आहे काय? त्यापेक्षा दीडशे रुपयांची एक जाड वही आणि एक पावतीपुस्तक घ्यावे.

कागदाबरोबर जबाबदारीही एजन्सीकडे जाते, असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारले, टाकून दिले किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हेच कृत्य मुलांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या नोकराने किंवा चालकाने केले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे संस्थेचे नाव लागल्याने कायद्याचा हात सैल होत नाही, उलट घट्ट होऊ शकतो. पोक्सो कायदा २०१२ चा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची भीती असल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. ‘मी एजन्सीला सांगितले होते’ हे उत्तर तिथे चालत नाही. मूल ही अमानत आहे, आणि ती ज्याच्या हाती दिली त्याच्याकडूनच तिचा जाब मागितला जातो. कायदाही तेच म्हणतो.

मग एजन्सीत जाण्यासारखे काही नाही काय? आहे, आणि ते कारखान्याच्या फाटकाशी आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे होते. मग २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि स्त्री-पुरुष मिळून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. सामाजिक सुरक्षा संहितेत पन्नासची अट तशीच आहे, आणि तिच्यात आमच्या वाचकांच्या कामाची एक सोय आहे. मालकाने स्वतःच पाळणाघर बांधले पाहिजे असे नाही. सरकारचे, नगरपालिकेचे, खाजगी व्यक्तीचे किंवा स्वयंसेवी संस्थेचे सामायिक पाळणाघर त्याला वापरता येते, किंवा काही आस्थापनांनी मिळून एक काढता येते.

इथे घरगुती पाळणाघराला दार उघडते. पण कारखान्याचा मनुष्यबळ अधिकारी किकवीच्या एकट्या खालाशी करार करील काय? त्याला बिल हवे, पॅन हवा, करारनामा हवा, एक आजारी पडली तर दुसरी उभी करणारे कोणी हवे. ही गरज एजन्सी भागवते, आणि तिचा खरा उपयोग हाच. पुन्हा समजुतीपुरते आकडे घेऊ. कंपनी एका मुलामागे ३,५०० देते, एजन्सी १,००० ठेवते, खालाला २,५०० मिळतात. आठ मुलांचे २०,००० झाले. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सांभाळणारी, असे प्रमाण केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण आठ रांगती मुले आणि एकच बाई, ती नमाजाला किंवा न्हाणीघरात गेली तर काय, याचा विचार करून मदतनीस ठेवावीच. तिला ६,००० दिले तरी १४,००० उरतात. एजन्सीने मुलामागे हजार रुपये घेऊनही खालाचे उत्पन्न साडेसात हजारांवरून चौदा हजारांवर गेले. असा हिस्सा द्यायला हरकत नाही. तो कागदाचा नव्हे, गिऱ्हाइकाचा मोबदला आहे.

अंतराचा मुद्दा मात्र आधी साफ करून घ्यावा. २०१८ च्या तत्त्वांत पाळणाघर कामाच्या जागेजवळ किंवा आईच्या वस्तीत, अर्ध्या किलोमीटरच्या आत असावे असे होते. संहितेत अंतर नियमाने ठरवायचे आहे. किकवीतील घर शिरवळच्या कारखान्यासाठी चालेल की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावे, एजन्सीच्या तोंडी आश्वासनावर जागा वाढवण्याचा खर्च करू नये.

सरकारी योजनेचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. नोकरदार मातांच्या मुलांसाठी केंद्राची पाळणाघर योजना २००६ पासून राजीव गांधींच्या नावाने चालली. केंद्रीय समाजकल्याण मंडळ, बालकल्याण परिषद आणि त्यांच्याखालील स्वयंसेवी संस्था, अशा उतरंडीने पैसा खाली येई. १ जानेवारी २०१७ पासून ती राज्यांकडे गेली, आणि २०२२ मध्ये ‘पालना’ या नावाने मिशन शक्तीत आली. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांच्या केंद्रासाठी सेविकेला महिना ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये मानधन ठरलेले होते. दारिद्र्यरेषेखालील घराकडून मुलामागे २० रुपये घ्यायचे. योजनेचा हेतू चांगला, पण सेविका तिची मालकीण नव्हती. वरचा हप्ता अडला की तिचे मानधन अडणार, कारण कागदावर सही दुसऱ्याची. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती पैसा, हे एजन्सीत जाणारीने विसरू नये.

म्हणूनच तिसऱ्या वाटेकडे आम्ही लक्ष वेधतो. अहमदाबादेत ‘सेवा’ संघटनेच्या छायेखाली १९८६ साली मुले सांभाळणाऱ्या बायकांची सहकारी मंडळी निघाली, नाव ‘संगिनी’. विडी वळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या आयांची मुले तिच्या केंद्रांत राहतात. हिशेब आणि सरकारदरबार मंडळी पाहते, आणि मंडळीच्या मालक खुद्द काम करणाऱ्या बायका. आपल्या महाराष्ट्रात लिज्जत पापडाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन आरंभ केला. पापड घरी लाटायचा, पण खरेदी, विक्री आणि कागद संस्थेचा, आणि संस्था लाटणाऱ्या बहिणींची. यातही हिस्सा कापला जातोच. फरक एवढा की कापलेल्या हिश्शाचे काय झाले हे विचारायचा हक्क लाटणारीला असतो.

किकवी, कापूरहोळ, सारोळे, नसरापूर या गावांत बचत गट आहेत. ज्यांनी गटाची वही, बँकेचे खाते आणि महिन्याची बैठक चालवली आहे त्यांना पाळणाघराचा हिशेब जड नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा जणी मिळाल्या की सहकारी संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. तेवढी धडपड आताच नको असेल तर गटानेच एक हिशेबनीस मुलगी अर्धवेळ ठेवावी. दहा पाळणाघरांनी महिना ३०० रुपये घातले तर तिला ३,००० मिळतात, आणि प्रत्येकीचे सव्वाअकराशेऐवजी तीनशेच जातात. आजारपणात एकीची मुले दुसरीकडे नेता येतात. आणि कंपनीकडे जाताना एकटी खाला नव्हे, दहा घरांची संस्था जाते. गावातली भांडणे, कोणाला किती मुले मिळाली याचा मत्सर, हे सारे होईल, ते आम्हाला मान्य आहे. मुलांच्या वाटपाचा नियम पहिल्याच बैठकीत लिहून काढला तर निम्मी भांडणे टळतात.

आणि हे जमेपर्यंत एजन्सीतच जायचे ठरले, तर सही करण्यापूर्वी करारनामा मराठीत मागावा आणि जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. पैसे आई-बाप किंवा कंपनी कोणाच्या खात्यात भरणार आणि खालाच्या हाती कोणत्या तारखेला येणार, हे त्यात हवे. महिन्यात मूल आठ दिवस आले नाही तर ते पैसे कोणाचे बुडणार, हेही हवे. आधार आणि पॅनच्या नकला द्याव्यात, मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नाही. मुलांची रोजची वही खालाची, एजन्सीला हवी तर तिने फोटो काढून न्यावा. शेवटचे कलम सोडून जाण्याचे. एजन्सीने आणलेली मुले सोडताना तिच्याकडे परत जातील, हे न्यायाचे आहे. पण खालाने आधीपासून सांभाळलेली पाच मुले तिचीच राहतील, असे नावानिशी यादी जोडून लिहून घ्यावे. अनामत रक्कम घेतली असेल तर ती किती दिवसांत परत मिळणार, त्याची तारीखही त्याच पानावर यावी.